गमबूटवालीची बिअर

भट्टीवाल्यांची बायको त्यांच्या बिअरला ‘छान आहे’ म्हणायची, आणि तेच त्यांचं दुखणं होतं.

छान म्हणण्याच्याही जाती असतात. एक छान पोटातून येतं, एक नुसतं ओठांवरून. आणि शेजारणीचं नुकतंच जन्मलेलं, सुरकुतलेलं, लालबुंद बाळ बघून आपण जे म्हणतो ते तिसऱ्या जातीचं. बायकोचं छान या तिसऱ्या जातीतलं. ग्रंथालयात नोकरी करून करून तिचा आवाज मुळातच दबका झालेला. ती एक घोट घ्यायची, पुस्तक मिटावं तसा ग्लास अलगद खाली ठेवायची आणि म्हणायची, "छान आहे." तिचा दुसरा घोट आजवर कुणी पाहिलेला नव्हता.

भट्टीवाले हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. घरामागच्या शेडमध्ये त्यांनी रीतसर परवाना काढून बिअरचा छोटा कारखाना टाकला, तेव्हा सासरच्या मंडळींनी हे दुसरं बारसं केलं. कारखाना मात्र झकास चालला होता. संत्र्याच्या सालीची बिअर, आल्याची, कॉफीची, भाजलेल्या मिरीची; एकदा तर काकडीची. लोक लांबून लांबून येत, मिटक्या मारत, पिशव्या भरभरून नेत. सगळा मुलूख जिंकला, पण स्वतःच्या घरचा उंबरा काही सर होईना. बायकोला एकदा तरी मनापासून एखादी बिअर आवडावी, एवढीच त्यांची इच्छा राहिली होती. मग ती आपली नसली तरी चालेल, असं ते म्हणत. माणूस काहीही म्हणतो.

त्या वर्षी सुट्टीला चौघं निघाली. भट्टीवाले, बायको, बायकोची धाकटी बहीण आणि तिचा नवरा, म्हणजे भट्टीवाल्यांचे साडू. साडू दातांचे डॉक्टर. जायचं होतं ते शहर एवढं पाहण्यासारखं, की तिथे राहणाऱ्यांना रस्त्यावर चालायला जागा उरली नव्हती म्हणे. शेजारच्या घरी जायचं तरी ते गच्चीवरून जात.

निघायच्या आधी, बॅगा भरताना, बायकोने अट घातली.

"मागच्या सुट्टीत तुम्ही हॉटेलचा बॉयलर दुरुस्त करत बसलात. त्याआधी त्या बोटीवरच्या स्वयंपाकघरात. मी एकटीने सूर्यास्त पाहिला."

"अगं, बॉयलर गळत होता."

"त्यांचा गळत होता. आपला नाही. या खेपेला पाहुण्यासारखं राहायचं. खुर्चीत बसायचं, आणून देतील ते घ्यायचं. कुणाच्या काउंटरपलीकडे पाऊल टाकलंत, तर पुढच्या सुट्टीपासून मी आणि धाकटी दोघीच जाऊ. तुम्ही साडू-साडू घरी बसा एकमेकांचे दात आणि पिंपं बघत."

"कबूल. पण मग माझंही एक ऐक. रोज संध्याकाळी एक ग्लास, मी शोधीन त्या ठिकाणी. आणि आवडली नाही तर छान म्हणायचं नाही."

"मग काय म्हणू?"

"खरं."

"सुट्टीत?" बायको म्हणाली आणि तिने बॅगेची चेन ओढली.

शहर तर बिअरने नुसतं ओसंडत होतं. हॉटेलच्या दारातच एकाने नकाशा हातात कोंबला. त्यावर बिअरची दुकानं लाल ठिपक्यांनी दाखवली होती, आणि नकाशाला गोवर आल्यासारखं दिसत होतं. पहिल्या संध्याकाळी ज्या ठिकाणी गेली तिथे बिअर काचेच्या बुटातून द्यायचे. दुसऱ्या ठिकाणी प्रयोगशाळेतल्या नळ्यांतून, पांढरे कोट घातलेल्या पोरी आणून द्यायच्या. एका ठिकाणी गिऱ्हाइकाला न्हाणीघरातल्या टबात बसवत. तिथे साडू बसले आणि मग उठेनात. धाकटीने आणि दोन वेटरांनी मिळून त्यांना उपटून काढलं. गुलाबाची बिअर होती, चॉकलेटची होती, निळी होती. एक काळोखात चमकणारी होती, तिचा एक पेला उशाशी ठेवला तर दिवा लावायची गरज नव्हती.

भट्टीवाले प्रत्येक ग्लास नाकाशी नेत, डोळे मिटत, आणि त्यांचा चेहरा पडे. सगळ्या ग्लासांत एकच बिअर. गोडमिट्ट, पातळ, कुठल्या तरी मोठ्या कारखान्यातून टँकरने आलेली. वरून नुसतं सरबत बदलायचं. बायको एक घोट घ्यायची आणि म्हणायची, "छान आहे."

"निळी आहे गं ती," भट्टीवाले कळवळून म्हणाले.

"निळा रंग छान आहे."

साडूंना मात्र सगळं आवडायचं. त्यांचं लक्ष बिअरकडे नव्हतंच. वेटर हसला की ते पुढे वाकून म्हणायचे, "वरची डावी दाढ दुखते का हो रात्रीची?" आणि खिशातून दातांच्या फटी साफ करायचा एक इवलासा ब्रश काढून त्याच्या हातावर ठेवायचे. लोक बक्षिशी देतात, हे ब्रश देत. सुट्टीवर येताना त्यांनी कपडे कमी आणि ब्रश जास्त आणले होते.

होता होता शेवटची संध्याकाळ आली. भट्टीवाल्यांनी नकाशा घडी करून कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि म्हणाले, "आज नाकाने जाऊ."

"नाकाने काल पण गेलो होतो," धाकटी म्हणाली. "भाऊजी, काल तुमच्या नाकाने आपल्याला चपलांच्या दुकानात नेलं."

पण त्या दिवशी नाकाला खरोखर काही लागलं. चौकात दगडी घोडेस्वाराच्या पुतळ्याखाली माणसांचा पूर आला होता. त्या घामाच्या, अत्तराच्या आणि तळणाच्या वासांमधून एक बारीकसा वास आला. ओल्या धान्याला कढ आला की येतो तो. भट्टीवाले जागच्या जागी थांबले. मग चालू लागले, ते कान टवकारलेल्या कुत्र्यासारखे. आठवणीच्या वस्तू विकणाऱ्या दुकानांच्या मागून, वाळत घातलेल्या चादरींच्या खालून, एका बोळात. तिथे एक रुंद दार होतं, वर पाटी नव्हती. आत चार लाकडी टेबलं, एक काउंटर, त्यावर एकच पितळी नळ. आणि काउंटरमागे एक थोराड बाई, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, पायात गुडघ्यापर्यंतचे गमबूट. गमबूट ओले होते.

ते ओले गमबूट पाहिले आणि भट्टीवाल्यांना माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. जी बाई बिअर नुसती विकते तिचे बूट कोरडे असतात.

"काय काय आहे?" त्यांनी विचारलं.

"बिअर," बाई म्हणाली.

"कुठली कुठली?"

"बिअर," बाई पुन्हा म्हणाली आणि चार ग्लास भरून आणले.

भट्टीवाल्यांनी ग्लास नाकाशी नेला. डोळे मिटले. आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे झालं ते बघून धाकटीला वाटलं, भाऊजींना चक्कर येतेय. झालं होतं असं, की खाली, ग्लासाच्या तळाशी, एक सुंदर बिअर होती. धान्याची, स्वच्छ, जराशी कडू, पहाटेच्या गवतासारखी. आणि तिच्यावर कुणीतरी खवट लोण्याचं पांघरूण घातलं होतं. एका हुंगण्यात त्यांना कळलं. बिअर चोख आहे, नळी घाण आहे. तळघरातल्या पिंपापासून या पितळी नळापर्यंत जी नळी येते ती कित्येक दिवसांत धुतलेली नाही, आणि तिच्या आतून साय धरली आहे.

बायकोने घोट घेतला. ग्लास अलगद खाली ठेवला. "छान आहे."

गमबूटवाली टेबलाशी येऊन उभी राहिली. हात पुसत तिने भट्टीवाल्यांना विचारलं, "कशी आहे पाहुणे?"

भट्टीवाल्यांनी तोंड उघडलं. टेबलाखाली बायकोची टाच त्यांच्या बोटांवर येऊन बसली. पाहुणे. खुर्चीत बसायचं, देतील ते घ्यायचं.

"छान आहे," भट्टीवाले म्हणाले.

बाईने मान हलवली आणि ती वळली. वळता वळता तिचा चेहरा जो झाला, तो त्यांनी ओळखला. असा चेहरा ते रोज दाढी करताना बघत आले होते. या बाईलाही सगळे छानच म्हणत असणार. येणारे एकदा येतात, एक घोट घेतात, छान म्हणतात, फोटो काढतात, जातात. आपलं काय चुकतंय हे तिला कुणी सांगत नाही. आणि आता ती ज्याच्याकडून ऐकू शकली असती त्यानेही तेच केलं होतं.

त्यांना खुर्ची टोचायला लागली. ते थोडं थांबले, मग उठून म्हणाले, "हात धुऊन येतो."

"बघा हं," बायको म्हणाली.

"हात धुवायला कसली बंदी?"

"मीही येतो," साडू म्हणाले. साडूंना एकट्याने धाकटीसमोर बसायला आवडत नसे. टबाचा विषय निघायचा.

हात धुवायच्या जागेशेजारीच तळघराचा जिना होता. भट्टीवाले तीन पायऱ्या उतरेपर्यंत साडूंना वाटत होतं की मोरी खाली आहे. मग पिंपं दिसली.

"साडूभाऊ, हे चालायचं नाही. ताईंनी सांगितलंय."

"काउंटरपलीकडे पाऊल टाकू नका म्हणाली. आपण काउंटरच्या खाली आहोत."

"असं काय? मग ठीक आहे," साडू म्हणाले. सरळ मनाचा माणूस.

पिंपाच्या बाजूला गॅसची टाकी उभी होती. तिच्यातला गॅस पिंपात शिरतो आणि बिअरला वर ढकलतो. भट्टीवाल्यांनी गॅसचा दांडा सवयीने डावीकडे वळवला, पिंपाची चावी बंद केली, पिंपाला जोडलेली नळी सोडवली आणि तिचं तोंड साडूंसमोर धरलं. "बघा."

साडूंनी खिशातून छोटी विजेरी काढली. वाकले. आणि पहिल्यांदाच त्या सुट्टीत त्यांचा आवाज बदलला. "अरे देवा. काय थर आहे हा. किती दिवसांत घासलेली नाही ही? आ करा. म्हणजे, जरा वर धरा."

त्यांनी ब्रश काढला. एक पुरला नाही. दुसरा काढला. चूळ भरल्यासारखं बादलीतलं पाणी नळीत ओतलं, पुन्हा घासलं. "हिरड्या वाचतील," ते पुटपुटले. दोघे साडू गुडघ्यांवर बसून असे रंगले की वर बायका आहेत, उद्या परतीची गाडी आहे, आपलं वय झालंय, कशाचीही शुद्ध राहिली नाही. बाजूला काहीतरी बारीक सूं सूं करत होतं, तिकडे दोघांनीही लक्ष दिलं नाही.

इथे एक सांगायला हवं. भट्टीवाले डावखुरे. स्वतःच्या शेडमधली एकूण एक चावी त्यांनी आपल्या हाताला सोयीची म्हणून उलटी बसवून घेतली होती. तिथे डावीकडे म्हणजे बंद. बाकी साऱ्या दुनियेत डावीकडे म्हणजे सताड उघडं. तेव्हा दोघे साडू दात घासत होते तेवढा वेळ ते पिंप गॅस पीत होतं, पीत होतं, आणि फुगत होतं.

भट्टीवाल्यांनी नळी परत जोडली, समाधानाने हात झटकले आणि पिंपाची चावी उघडली.

पुढचं ज्यांनी पाहिलं त्यांच्यात अजून एकमत नाही. वरचा पितळी नळ बुचासारखा उडाला, हे सगळ्यांना मान्य आहे. काउंटरमधून फेसाचा खांब उभा राहिला, छताला टेकला आणि छत्रीसारखा पसरला, हेही मान्य. मग फेस दाराबाहेर निघाला. बोळ भरला. वाळत घातलेल्या चादरी त्यावर तरंगत चौकाकडे निघाल्या, आणि एका चादरीवर एक मांजर बसलं होतं, ते शेवटपर्यंत उतरलं नाही. चौकात फेस घोडेस्वाराच्या घोड्याच्या पोटाला लागला आणि चढत चढत स्वाराला दाढी फुटली. छोटं निशाण घेऊन पर्यटकांना फिरवणारी एक बाई तिथे उभी होती. ती क्षणभरही गडबडली नाही. निशाण उंच धरून म्हणाली, "आणि हा इथला प्रसिद्ध फेस. दर वर्षी याच दिवशी येतो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. नळ सापडला तो स्वाराच्या उगारलेल्या मुठीत. तलवार चोरीला गेल्यापासून ती मूठ रिकामीच होती.

खाली तळघरात गमबूटवाली फेसातून शांतपणे चालत आली, टाकीशी गेली आणि दांडा उजवीकडे वळवला. सूं सूं थांबली. फेसातून वर आलेल्या दोन डोक्यांकडे तिने बघितलं.

"कोण तुम्ही?"

"पाहुणे," भट्टीवाले म्हणाले.

"पाहुणा पिंपाला हात लावत नाही. ज्याला गॅस आधी बंद करायचा असतो हे ठाऊक आहे, असाच माणूस तो इतका मनापासून उघडतो. कुठे आहे तुमचा कारखाना?"

साडूंनी मुकाट्याने हातातला ब्रश पुढे केला. त्यावर तपकिरी, बुळबुळीत काहीतरी होतं. बाईने तो नाकाशी नेला आणि झटकन दूर धरला.

"हे माझ्या नळीतलं?"

"हो."

ती पायरीवर बसली. "मी नळाची कधी पीतच नाही," ती म्हणाली. "रोज पिंपातून काढून चाखते. पिंपातली चोख असते. मग लोक अर्धा ग्लास टाकून का जातात, हे कोडं मला सुटत नव्हतं." मग तिने मान वर केली. "तुम्हाला वरच कळलं होतं?"

"पहिल्याच हुंगण्यात."

"मग छान काय म्हणून म्हणालात?"

भट्टीवाले कानातला फेस काढू लागले.

"चला वर," बाई म्हणाली. "एवढा फेस गेलाय म्हणजे नळी आतून लख्ख झाली असेल."

वर बायको त्याच खुर्चीत बसलेली होती. फेस कमरेपर्यंत, पर्स डोक्यावर. धाकटी टेबलावर उभी होती आणि हसून हसून तिला उचकी लागली होती. बायको हसत नव्हती. तिने नवऱ्याकडे नखशिखान्त बघितलं. म्हणजे जेवढा दिसत होता तेवढा.

"धुतलेत हात?"

"अगं, मी काउंटरच्या खाली..."

"नको," ती म्हणाली, आणि भट्टीवाले गप्प झाले. ग्रंथालयात भलेभले गप्प व्हायचे. त्यांना वाटलं, झालं, संपलं. आता सगळे सूर्यास्त आपण शेडच्या खिडकीतून बघायचे.

गमबूटवालीने नवं पिंप जोडलं. नळ तर घोडेस्वाराकडे होता, म्हणून तिने नळीच्या तोंडावर अंगठा ठेवला, बागेला पाणी घालताना धरतात तसा, आणि एक ग्लास भरून बायकोपुढे ठेवला. "तुमच्या यजमानांनी नळी घासली. आता सांगा. आणि छान म्हणालात तर ग्लास परत घेईन."

बायकोने घोट घेतला.

ग्लास खाली ठेवला नाही.

बायकोने दुसरा घोट घेतला. मग तिसरा. मध्ये तिने खिडकीबाहेर बघितलं, तिथून एक चादर चालली होती. चौथा घोट घेतला. धाकटीची उचकी थांबली. ग्लास रिकामा झाला तेव्हा बायकोने वरच्या ओठावरचा फेस जिभेने टिपला आणि विचारलं, "अजून आहे?"

भट्टीवाल्यांच्या अंगातून आनंदाची लाट गेली, ती टाळूपर्यंत पोचली आणि तिथेच गार पडली. आवडली. इतक्या वर्षांनी आवडली. आणि दुसऱ्याची.

"आवडली?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग माझ्या बिअरमध्ये काय कमी आहे?"

"कमी काही नाही," बायको म्हणाली. दुसरा ग्लास आला होता. ती जरा ऐसपैस बसली. "संत्रं आहे, आलं आहे, मिरी आहे. अहो, तुमच्या बिअरमध्ये तुम्हीच फार बोलता. घोट घेतला की सुरू. बघ मी काय केलं, बघ मी काय घातलं. ही बघा कशी गप्प आहे. मी दिवसभर लोकांना गप्प करून घरी येते. मला बिअरनेही बडबड केलेली नको असते."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही इतक्या आशेने बघत बसायचात समोर," ती म्हणाली. "तुमच्या तोंडाकडे बघून कुणाला खरं बोलवेल?"

गमबूटवालीने भट्टीवाल्यांच्या हातात एक ग्लास दिला. त्यांनी तो तळापर्यंत संपवला. मग हळूच म्हणाले, "बाई, यात तुम्ही काय घालता?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"हात शिवशिवतात," बाई म्हणाली. "पण नाही घालत."

अट ती अट. पुढच्या सुट्टीला बायको आणि धाकटी दोघीच जाणार हे त्याच टेबलावर नक्की झालं, आणि कुठे जाणार हेही: इथेच, याच बोळात. साडूंनी गयावया करून पाहिलं. त्यांना सांगण्यात आलं की त्यांचे ब्रश तेवढे पाठवून द्यावेत.

घरी आल्यावर भट्टीवाल्यांनी शेडमधल्या मिरीच्या, आल्याच्या, सालींच्या बरण्या उचलून माळ्यावर टाकल्या आणि शिडी शेजाऱ्याला देऊन टाकली, न जाणो. मग धान्य, पाणी, कडूपणासाठी हॉप्सची फुलं आणि यीस्ट, एवढ्यावर एक बिअर लावली. ती तयार होईपर्यंत त्यांनी स्वतःचे हात पाठीमागे बांधून ठेवले होते असं साडू सांगतात. जेवण त्यांना धाकटीने भरवलं. शेवटी एका संध्याकाळी त्यांनी ग्लास बायकोपुढे ठेवला आणि या खेपेला तोंडाकडे न बघता भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

एक घोट गेला. मग, खूप वेळाने, दुसरा.

"पाणचट आहे," मागून बायको म्हणाली.

भट्टीवाले वळले. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी फोन उचलला आणि साडूंना लावला.

"साडूभाऊ, पाणचट म्हणाली."

"कोण?"

"तुमच्या ताई. स्वच्छ, तोंडावर. पाणचट."

पलीकडून साडू गहिवरून म्हणाले, "अभिनंदन," आणि त्यांनी खुर्चीत आ करून बसलेल्या पेशंटलाही ती बातमी सांगितली.

"आणि धान्य जास्त भाजलंय," बायको म्हणाली. "फोन ठेवा आधी, नीट ऐका."

भट्टीवाल्यांनी फोन ठेवला, खुर्ची ओढली आणि ते बायकोसमोर ऐकायला बसले.